आन्सा आत्या, जाळी बसली

आन्सा आत्या, मी आज जो काही आहे तो तुझ्यामुळे. हे वाक्य तुझ्या हयातीत तुझ्यासमोर म्हटलं असतं तर तू हातातली रोहू माझ्यापुढे टाकून म्हणाली असतीस, "आधी हिचे खवले काढ, मग भाषण कर." म्हणून कधी म्हटलं नाही. आता म्हणतो. ऐकायला तू नाहीस आणि खवले काढून घेणारं कुणी उरलं नाही.

तुझा तेरावा झाला. पाहुणे गेले. मला औशाच्या शाळेत परत हजर व्हायचं आहे, पिशवी भरून ठेवली आहे, आणि मी तुझ्या ओट्यावर बसून हे लिहितो आहे. गेलेल्या माणसाशी गोड बोलावं, त्याला शांती लाभू द्यावी, असं जो तो सांगून गेला. पण तू जिवंतपणी कधी स्वस्थ बसली नाहीस, तुला आता शांतीचा काय उपयोग. आणि खरं सांगायचं तर माझ्या मनात दुःखाला अजून नीट जागा मिळालेली नाही. सगळी जागा रागाने अडवली आहे. तू असतीस तर तो उतरवला असतास. तू नाहीस, म्हणून या वेळी त्या रागाने त्याचं काम केलं. काय केलं, तेच सांगायला बसलोय.

नायगावच्या बाजारात तू टोपली मांडून बसायचीस आणि मी तुझ्या पाठीशी पाढे म्हणत बसायचो. कुणी विचारायचं, "ताजी हाय का वं मावशी?" तू म्हणायचीस, "ह्या पोराचा पाढा चुकंल, पण माझी मासळी शिळी निघायची न्हाई." आणि माझा पाढा नेमका तेव्हाच चुकायचा. गिऱ्हाईक हसायचं, मासळी खपायची. घरी जाताना तू म्हणायचीस, "आज चुकलास ते बरं झालं. परीक्षेत चुकू नको."

लातूरच्या कॉलेजात माझं नाव घालायलाही तूच आलीस. बाबा वेशीपर्यंत आले आणि "मला तिथलं काय कळतंय" म्हणून मागे फिरले. खिडकीतल्या क्लार्कने विचारलं, "पालकांचा व्यवसाय?" तू म्हणालीस, "तळं."

"शेततळं का?"

"न्हाई. तळं. अख्खं."

माझे कान तापले होते. आज ते आठवलं की छाती भरून येते. अख्खं तळं आपलं नव्हतंच, हे तुला माझ्याहून चांगलं ठाऊक होतं. तळं सरकारचं. त्यात मासळी धरायचा ठेका आपल्या भोयांच्या सोसायटीचा, आणि त्या सोसायटीची अध्यक्ष तू. नवरा गेल्यावर माहेरी परत आलेली बाई काय सोसायटी चालवणार, असं म्हणणाऱ्यांना तू पहिल्याच वर्षी तळ्याच्या मधोमध होडीत बसवून मीटिंग घेतली होतीस. उठून जायची सोय कुणालाच नव्हती.

तळ्याच्या एका काठाला उपसा सिंचनाची जॅकवेल आहे. तू तिला "ती बया" म्हणायचीस. पाण्यात उभी असलेली सिमेंटची गोल विहीर, खाली पाण्यात तिचं तोंड. त्या तोंडातून तळ्याचं पाणी आत येतं आणि वरचे पंप ते उचलून पाइपात ढकलतात. तिथून शिवार भिजतं, हळद होते, ऊस होतो. तुझी त्याला कधीच हरकत नव्हती. आपल्या गल्लीतल्या निम्म्या बायका त्याच हळदीत कामाला जातात.

चूक आपलीच होती, आत्या, आणि ती आपण किती थाटात करत होतो. श्रावणात बोटुकलीची गाडी यायची. बोटाएवढी पिल्लं, रोहू, कटला, मृगळ, ऑक्सिजन भरलेल्या पिशव्यांत. गाडी जाईल असा पक्का रस्ता तळ्याच्या एकाच जागी पोचतो, जॅकवेलपाशी, कारण तो बांधलाच होता पंपांसाठी. घडीव पायऱ्याही तिथंच. म्हणून तू तिथंच तळ्याची ओटी भरायचीस. खण, नारळ, तांदूळ, हळदकुंकू. "आई, लेकरं तुझ्या पदरात घातली, मोठी कर," म्हणायचीस. मग पिशव्या थोडा वेळ पाण्यावर तरंगू द्यायच्या आणि एकेक तोंड सोडायचं. पिल्लं पायऱ्यांपाशी जराशी घोटाळायची आणि दिसेनाशी व्हायची. आपल्याला वाटायचं, गेली खोल पाण्यात.

मग एका श्रावणात पावसाने ओढ दिली, पंप लागले, आणि हळदीला पाणी फिरवणाऱ्या बायकांनी पाटातून पदरभर मेलेली बोटुकली आणून तुझ्या ओट्यावर ओतली. तू एक पिल्लू तळहातावर घेतलंस, उलटंपालटं केलंस आणि म्हणालीस, "ही तर आपलीच हाय. परवा ओटीत घातली ती." इतकी वर्षं आपण लेकरं तळ्याच्या पदरात घालतो आहोत असं समजून, वाजतगाजत, पंपाच्या तोंडात घालत होतो.

आणि पाटात मेली ती थोडीच. पाइप आधी पडतो चेअरमनच्या शेततळ्यात, आणि तिथून पुढे बाकीच्यांच्या शेतात. चेअरमन म्हणजे त्या उपसा सिंचन संस्थेचे. त्यांचं नाव मी इथं लिहीत नाही. तुझ्या लेखात त्यांना तेवढाही मान नको. पंपातून जिवंत निघालेली पिल्लं त्यांच्या शेततळ्यात वाढत होती. बी आपलं, पाणी तळ्याचं, आणि मासळी त्यांची. त्यांचा गडी नायगावला तुझ्या शेजारीच टोपली लावायचा आणि तुझ्यापेक्षा स्वस्त विकायचा. तू त्याला चहा पाजायचीस. ते मला कधी कळलं नाही. म्हणालीस, "त्यो नोकर हाय. त्येच्या टोपलीत आपली लेकरं हायत. चहा त्येंच्या नावानं."

तू चेअरमनकडे गेलीस तेव्हा मी सोबत होतो. ओसरीवर सतरंजी होती, पण आपल्याला बसा म्हणाले नाहीत.

"मालक, पंपाच्या तोंडाला जाळी लावू द्या," तू म्हणालीस.

"जाळी लावली की पाणी कमी येतंय, आन्साबाई. अन् मासे काय, येतेत अन् जातेत."

"येतेत कुटं? सगळे तुमच्याकडंच जातेत."

ते हसले. माझ्याकडे बोट करून म्हणाले, "भाचा मास्तर झालाय न्हवं? त्येला सांगा, माशांची शाळा काढ. शिकव त्येंना, पंपाकडं जाऊ नगा म्हनावं."

ओसरीवरचे लोक हसले. तूही हसलीस. मी हसलो नाही. ते वाक्य मी जपून ठेवलं, आत्या. तुला सांगितलं नाही, पण औशाच्या वर्गात फळ्यावर लिहितानाही ते माझ्या कानात असायचं.

परवानगी मिळेना म्हणून तू तुझी जुनी नायलॉनची जाळी नेऊन त्या तोंडाला बांधलीस. पंप लागताच ती ओढून आत गेली, पंख्यात गुंडाळली, मोटार जळाली. त्या हंगामात आपल्या गल्लीतल्या एकाही बाईला हळद काढायला बोलावणं आलं नाही. कुणी तसं ठरवलं म्हणून बोललं नाही. नुसतं बोलावणं आलं नाही. तू घरोघर गेलीस आणि बायकांना म्हणालीस, "माझ्यामुळं झालं. मला शिव्या द्या." शिव्या कुणी दिल्या नाहीत. त्यानंतर तू जपून पाऊल टाकायला लागलीस, आणि मी त्याला घाबरणं समजलो.

सुट्टीत मी पुस्तकं चाळली, ओळखीच्या इंजिनिअरला विचारलं, आणि तुझ्यापुढे कागदावर पिंजरा काढला. म्हटलं, आत्या, आपण जाळी बारीक घेतली आणि लहान घेतली, तिथं चुकलो. जाळी तोंडाला चिकटवायचीच नाही. तोंडाभोवती मोठा पिंजरा उभा करायचा, सगळ्या बाजूंनी जाळीचा. पाणी तेवढंच जाईल, पण चहूबाजूंनी जाईल, म्हणून एका जागी ओढ कमी. पिल्लू जवळ आलं तरी त्याला मागे फिरायची ताकद राहील.

तू कागद उलटा धरून बघत होतीस. मग म्हणालीस, "जत्रंत देवळाला एकच दार ठिवलं की म्हातारीला रेटत नेतेत. चार दारं केली की म्हातारी वळून परत येती. असंच न्हवं?"

"हाव."

"मग एवढा कागद कशाला नासवलास?"

जाळी औशाच्या शिवाप्पांनी दिली. तू त्यांना पाहिलं नाहीस, म्हणून सांगतो. कपाळभर विभूती, गळ्यात लिंग, हार्डवेअरचं दुकान. दुकानासमोरून मासळीची गाडी गेली तरी नाकाला उपरणं लावणारा माणूस. मी स्टीलची जाळी मागितली आणि कशाला ते सांगितलं. ते म्हणाले, "खायसाठी का वाचवायसाठी?" मी म्हटलं, वाचवायसाठी. म्हणाले, "मग ने. वाचलेला मासा आम्हाला चालतो." तू हे ऐकून इतकी हसलीस की खोकल्याची उबळ आली. तो खोकला तेव्हाच दाखवायला हवा होता.

उन्हाळ्यात पाणी उतरलं तेव्हा पिंजरा बसला. पाणी कमी येणार नाही आणि जाळी आम्हीच रोज साफ करू, असं कबूल केल्यावर चेअरमननी होकार दिला, तोही उपकाराच्या भाषेत, आणि तू तो पदर पसरून घेतलास. पुढच्या श्रावणात बोटुकली सुटली, पंप लागले, आणि पाटात एकही पिल्लू आलं नाही. मला त्याची खात्री बगळ्यांनी दिली. शेततळ्याच्या पाइपापाशी कायम रांग लावून बसणारे बगळे एकेक करून उठून गेले. पंप चालवणारा दत्ता म्हणाला, "मावशे, बगळ्यांचं जेवण बंद केलंस की."

तू म्हणालीस, "बगळ्यांचं न्हाई रे. मोठ्या बगळ्याचं."

पिंजऱ्याला जलपर्णी आणि प्लास्टिक चिकटून पाणी अडू नये, म्हणून रोज तो खरवडायचा करार होता. दत्ता पंप बंद करायचा, आणि तू किंवा सोसायटीतलं कुणीतरी लांब बांबूच्या दाताळ्याने जाळी साफ करायचं. मी गावी आलो की आपण दोघं पायऱ्यांवर तेच करत असायचो आणि तेच भांडण भांडत असायचो.

मी म्हणायचो, "ज्यानं आपली मासळी खाल्ली त्याला आपण काहीच करायचं नाही?"

"जाळी बसली न्हवं?"

"जाळी बसली. तो तसाच बसलाय."

"बसू दे की. त्येला उठवून तुला काय करायचंय, त्येच्या जागंवर बसायचंय?"

"तू घाबरतेस त्याला."

यावर तू दाताळं थांबवलंस. "माधवा, मी घाबरते ते हळदीला जानाऱ्या बायांसाठी. तू औशाला जाशील. भांडन हितं राहील. त्येच्या समोरून रोज मला जायचंय." आणि मग, मला बरं वाटावं म्हणून, "तू माझ्यासाठी लई राग धरून राहिलास. थोडा खाली ठिव. हात दुखंल."

माझ्याकडे उत्तर होतं. दोन्हीकडच्या माणसांनी समजून घेतलं तर ती समजूत, एकानेच घेतलं तर ती वाकायची सवय. हे मी तेव्हा म्हटलं नाही, कारण तुझे गुडघे दुखत होते आणि अजून निम्मी जाळी खरवडायची होती. ते भांडण अर्धंच राहिलं. माझी बाजू मी आता मांडली आहे. तुझी बाजू मला पाठ आहे.

तुला नांदेडच्या दवाखान्यात नेलं आणि तू गाव सोडून आठवडाही झाला नसेल, तर चेअरमननी साखळी-कप्पी लावून पिंजरा उपटून काढला. कारण सांगितलं, पाणी कमी येतं. सोसायटीची माणसं विचारायला गेली तर म्हणाले, "आन्साबाई येऊ द्या, बसून बोलू." तू येणार नाहीस हे त्यांनी डॉक्टरांच्या आधीच ठरवलं होतं. तळ्याचा ठेका याच वर्षी नव्याने मिळायचा आहे. तळ्यात मासळी दिसली नाही तर ठेका आपल्या हातून जाणार, आणि तो घ्यायला त्यांचा मेहुणा तयार बसला आहे, हेही सगळ्या गावाला ठाऊक होतं.

पिंजरा कुठं आहे ते मला दत्ताने फोनवर सांगितलं. त्यांच्या गोठ्यात. एका बाजूचं पान कापून दार केलं होतं आणि आत वासरं बांधली होती. शिवाप्पांची जाळी, तुझे हात, माझा कागद, आणि आत शेण.

तुला भेटायला आलेल्या कुणीतरी तुलाही सांगितलं. तू मला निरोप धाडलास की गोड बोल, भांडू नको. अतिदक्षता विभागात फोन चालत नव्हता, म्हणून मी उत्तर कागदावर लिहिलं आणि दवाखान्यात पोचवलं. ते पत्र तुझ्या चष्म्याच्या घरात घडी घालून ठेवलेलं सापडलं. म्हणजे तू ते वाचलंस. तुझं उत्तर आलं नाही.

तुला खांदा द्यायला चेअरमन आले नाहीत. लातूरला लग्न होतं म्हणे. पण तेराव्याला आले. पांढरे कपडे, सोबत फोटोवाला. मारुतीच्या देवळापुढे मांडव होता, तुझ्या फोटोला मोगऱ्याचा हार होता, आणि मांडवात आपली सगळी गल्ली आणि उपसा संस्थेचे जवळजवळ सगळे सभासद बसले होते, कारण तू कुणाच्या घरी कधी रिकाम्या हाताने गेली नव्हतीस. चेअरमन बोलायला उभे राहिले. मुक्या जिवांची माऊली गेली म्हणाले. पोकळी निर्माण झाली म्हणाले. आणि शेवटी तुझ्या फोटोकडे हात करून म्हणाले, "त्यांचं अधुरं राहिलेलं कार्य आपण पूर्ण करू, हीच खरी श्रद्धांजली ठरेल."

मी उभा राहिलो. आत्या, मी गोड बोललो. तू शिकवलेलं वाया जाऊ दिलं नाही. हात जोडून म्हटलं, "चेअरमनसाहेब, तुमच्या तोंडात साखर पडो. आत्याचं अधुरं काम एकच आहे, जाळीचं. तुम्ही तिच्या फोटोपुढे, तेराव्याच्या मांडवात शब्द दिलात. घास पानात पडायच्या आधी तो पुरा करू. पिंजरा आणायला माणसं तयार आहेत."

ते म्हणाले, "हाव हाव, करू की. संस्थेची मीटिंग लावू, ठराव घेऊ."

मागून आपल्या गल्लीतल्या शेवंता काकूचा आवाज आला, "मीटिंग कशाला? सभासद समदे हितंच जेवायला बसलेत. आदी वासरं बाहेर काढा."

मांडवात कुणी मोठ्याने हसलं नाही. तेरावा होता. पण मी खांदे हलताना पाहिले. माशांची शाळा काढ म्हणाले होते तेव्हा त्या ओसरीवर हसलेले काही जण त्यांत होते. मग त्यांच्याच संस्थेतले एक म्हातारे सभासद काठी टेकत उठले आणि म्हणाले, "मालक, मेलेल्या मानसाच्या फोटोपुढं दिलेला शब्द मागं घेऊन आमी कसं जेवावं? उठा."

आणि सगळा मांडव उठला.

गोठ्यात चेअरमननी स्वतःच्या हाताने कडी काढली. वासरं बाहेर आली, त्यांतल्या एकाने त्यांच्या पांढऱ्या धोतराला अंग घासलं. कापलेल्या बाजूला दत्ताने तिथंच वेल्डिंगवाल्याकडून जाळीचं पान जोडून घेतलं. वेल्डिंगवाला योगायोगाने आला नव्हता, मी त्याला जेवायलाच बोलावलं होतं. शेण धुतलं. पिंजऱ्याच्या खाली दोन लांब बांबू घातले, आणि आपल्या गल्लीतले गडी पुढे झाले. आपण भोई. पालख्या वाहिलेल्या माणसांची पोरं. बांबू खांद्यावर कसा घ्यायचा ते कुणाला सांगावं लागलं नाही.

पुढच्या बांबूची एक जागा मी रिकामी ठेवायला सांगितली होती. तिथं बोट दाखवून म्हटलं, "साहेब, त्या दिवशी लग्न होतं, आत्याला खांदा द्यायचा राहिला. आज द्या."

त्यांनी चहूकडे पाहिलं. ज्यांच्याकडे पाहिलं त्यांनी नजर दुसरीकडे नेली. ते वाकले आणि बांबूखाली खांदा दिला. फोटोवाल्याला कुणी थांब म्हटलं नाही, त्यामुळे तो फोटो काढत राहिला. गोठ्यापासून जॅकवेलपर्यंत, गावातून, देवळापुढून, भोईगल्लीतून. दोनदा त्यांनी खांदा बदलायला जागा मागितली. दोन्ही वेळा मी फार गोड आवाजात म्हटलं, "आलंच, साहेब, जवळच आलंय." घामाने सदरा पाठीला चिकटला होता. मला बरं वाटलं, आत्या. खोटं कशाला बोलू. मला इतकं बरं तुझ्या आजारपणापासून कधी वाटलं नव्हतं.

दत्ताने पंप बंद केला. ज्या साखळी-कप्पीने उपटला होता तिनेच पिंजरा खाली गेला, तोंडाभोवती बसला. शेवंता काकूने तुझ्या नावाने तळ्याची ओटी भरली. आणि बायकांनी तिथंच ठरवलं की पुढच्या श्रावणापासून बोटुकली पायऱ्यांवरून सोडायची नाही. पलीकडच्या काठाला, गाडी जात नाही तिथं, पिशव्या डोक्यावर नेऊन सोडायच्या. ओटीच्या सोहळ्याला पाहुण्यांना यायचं असेल तर त्यांनी चालत यावं.

तो खांद्याचा फोटो मी मोठा करून आणला आहे. सोसायटीच्या खोलीत तुझा फोटो आहे, त्याच्या बरोबर समोरच्या भिंतीवर लावला. तळ्याचं पाणी उचलणारी संस्था त्यांची, म्हणून ठेक्याच्या कागदावर सही करायला चेअरमनना त्या खोलीत यावंच लागतं. येतील तेव्हा एका बाजूला तू, दुसऱ्या बाजूला ते स्वतः. कुठं बघायचं ते त्यांनी ठरवावं.

हळदीला जाणाऱ्या बायांचं काय, असं तू विचारशील. मीही तोच विचार करून काम केलं. शब्द मांडवात घेतला, सभासदांच्या तोंडाने घेतला. बायकांनी काही केलं नाही, त्या नुसत्या मागून चालल्या. या वर्षी बोलावणं आलं नाही तर गावातली प्रत्येक ओसरी विचारेल का आलं नाही ते. तुझी भीती मी रागात मिसळून वापरली. तू म्हणायचीस तसं मोजून केलं. एवढं तरी मान्य कर.

शेततळ्याचं अजून बाकी आहे. तिथं आपली मासळी आहे, मोठी झालेली. तुझ्या टोपलीशेजारी विकली गेली ती परत येणार नाही, पण आत आहे ती आहे. उन्हाळ्यात ते शेततळं उपसतात, आणि मी तेव्हा सुट्टी घेऊन येणार आहे. त्या दिवशी काय करायचं ते मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. तुलाही सांगत नाही. तू अडवशील.

जाळी आज सकाळी मी खरवडली. तुझ्याच दाताळ्याने. मुठीपाशी बांबू तुझ्या हाताने गुळगुळीत झाला आहे, तिथं माझा हात नीट बसत नाही, थोडा वर धरावा लागतो. पंप बंद होता, पाणी निवांत होतं, आणि जाळीच्या बाहेर बोटुकलीचा एक घोळका आला, तोंडं जाळीकडे करून उभा राहिला आणि वळून गेला. तेवढ्यापुरता माझा राग कुठं गेला ते मला कळलं नाही. मग दत्ताने पंप लावला आणि तो परत आला.

तू माझ्यासाठी काय काय केलंस ते लिहायला बसलो होतो आणि लिहून झालं हे. तुझे उपकार मला फेडता येत नाहीत, तुझा सूड घेता येतो. पदवी मिळवून मी एवढंच शिकलो असं तू म्हणशील. म्हण. ज्या पत्राचं तू उत्तर दिलं नाहीस ते शेवटी जोडतो, म्हणजे मी शब्द मोडला असं कुणी म्हणू नये.

तीर्थरूप आन्सा आत्यास,
माधवचा साष्टांग नमस्कार.

तुझा निरोप मिळाला. पिंजरा काढल्याचं तुला कळलं हे वाईट झालं. मी तुला सांगणार नव्हतो. कोण बोललं ते मला कळलं की त्यालाही बघतो.

औशाला सगळं ठीक. शिवाप्पा रोज विचारतात, तुमची आत्या कशी आहे आणि आमची जाळी कशी आहे. मी दोन्हीला ठीक म्हणतो. दोन्ही वेळा माझी जीभ अडते.

तू म्हणतेस गोड बोल. बरं. तू म्हणतेस भांडू नको. तेही बरं. चेअरमनकडे जाऊन तुझ्यासारखा पदर पसरणं मला जमणार नाही, पण हात जोडीन. तू जे जे करू नको म्हणतेस ते ते करणार नाही. तुझ्या शब्दाबाहेर मी कधी गेलो नाही, लातूरला मेसचं वरण आवडत नसतानाही तू म्हणालीस म्हणून तीन वर्षं खाल्लं.

पण आत्या, हे सगळं तू असेपर्यंत. हे मी तुला स्पष्ट लिहून ठेवतो. तू बरी होऊन आलीस की माझा सगळा राग तुझ्या ओट्यावर आणून ठेवतो, त्याचं काय करायचं ते तू ठरव. त्याचे खवले काढ, तळ्यात सोड, काहीही कर. आणि तू आली नाहीस तर तो माझ्याकडेच राहील, आणि मग मला थांबवणारं या गावात कुणी नाही, हे तुलाही माहीत आहे.

त्या माणसाला माझ्यापासून वाचवायचं असेल तर तुलाच यावं लागेल. निदान त्याच्यासाठी तरी ये.

तुझाच,
माधव